दागिना, डाग की लेणं?

मार्चमध्ये भाचीकडे म्युनिकला गेले होते. तिथल्या हस्तकलेच्या जत्रेत 'श्मुक' नावाचं दागिन्यांचं प्रदर्शन भरतं, पार १९५९ पासूनची परंपरा. आत सोनं शोधावं लागतं. कागद, लोखंड, प्लास्टिक, काय वाट्टेल ते. एका बाईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा ब्रोच केला होता, छातीवर कावळा बसल्यासारखा. बाई तिथेच भेटल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणाल? मी 'दागिना' म्हणून मोकळी झाले आणि जीभ चावली. आमच्या घरात दागिना म्हणजे अडीनडीला गहाण पडणारी वस्तू. ट्यूब कोण ठेवून घेणार? 'आभूषण' दुकानाच्या पाटीवरचं वाटतं, आणि 'अलंकार' म्हटलं की मला शाळेतले उपमा-रूपक आठवतात. तर या वस्तूला शब्द काय?

कोल्हापूरहून :
आमचं सोनाराचं घर, म्हणून आधी माझं ऐका. दागिन्याला वजन लागतं. गिऱ्हाईक तोळा विचारतं, मग घडणावळ, आणि मोडायला आणलं की घट किती जाईल ते. मोड नाही तो दागिना नाही, खेळणं म्हणा. सरळ 'ज्वेलरी' म्हणा, बाजारात तेच चालतं.

वडोद्याहून :
वजनाचं राहू द्या, शब्दाचं बघा. आमच्या आजूबाजूला गुजरातीत 'दागीनो' म्हणजे अंगावरचा दागिनाही आणि सामानाचा नगही. जुन्या मराठीतही प्रवासाला निघताना 'सामानाचे डाग' मोजायचे, आणि बायकांच्या अंगावरही 'चार डाग' असायचे. गंमत अशी, की जर्मनमध्ये 'श्मुक' हे सगळ्या दागिन्यांना मिळून एकच नाम आहे. एक वस्तू सांगायची तर 'श्मुकश्ट्युक', म्हणजे श्मुकचा नग. तेव्हा 'दागिना' म्हणालात त्यात चूक काही नाही. सोनं त्याला आपण चिकटवलं.

नागपूरहून :
डाग म्हणालात म्हणून आठवलं. हाइस बाकर नावाच्या डच कलावंताने १९७३ साली सोन्याची बारीक तार दंडावर घट्ट आवळली. तार काढल्यावर कातडीवर जो वळ राहिला, तोच दागिना! नाव ठेवलं 'सावली-दागिना'. मराठीत त्याला दुसरा शब्दच शोधायला नको. डाग.

(दोन्ही 'डाग' एकाच मुळातले आहेत असा माझा दावा नाही. पण शब्द असे आयते हाताला लागले की सोडवत नाहीत.)

सातारहून :
मी 'लेणं' सुचवते. कुंकवाचं लेणं, सौभाग्यलेणं. काजळ लेतात, शालू लेतात. यात सोन्याची अट कुठे आहे? वस्तू अंगावर आली, की झालं लेणं. मंगळसूत्रात मान असतो तो काळ्या मण्यांना, आणि ते तर काचेचे! 'श्मुक'सुद्धा 'श्मीगेन'च्या नात्यातला, म्हणजे बिलगणे, अंगासरशी बसणे. मला हे दोन शब्द सख्खे शेजारी वाटतात.

पुण्याहून :
शब्द गोड आहे, पण क्रियापद मेलंय. माझी मुलगी कानातलं 'घालते', 'लेत' नाही. 'ल्याली' म्हटलं तर तिला वाटेल आजीची ओवी चालू आहे. आणि अनेकवचनाचं काय? 'समकालीन लेणी' अशी पाटी लावली, तर लोक पायांत बूट आणि हातात पाण्याची बाटली घेऊन येतील.

कोल्हापूरहून :
मघाशी खेळणं म्हणालो, थोडं मागे घेतो. ओटो क्युंझ्ली या दागिने घडवणाऱ्या स्विस कलावंताच्या एका कामाबद्दल वाचलं, १९८० चं. काळ्या रबराची बांगडी, आत सोन्याची गोळी दडवलेली. नाव, 'सोनं आंधळं करतं'. वर सोनं आणि आत लाख, हे आम्ही कोल्हापुरी साजात पिढ्यान्‌पिढ्या करतोय, आणि लाखेचं वजन वजा करताना गिऱ्हाइकाशी भांडतोय. या गृहस्थांनी सोनं आत घातलं आणि रबर वर. वडील म्हणाले, वजन कसं करायचं याचं? मी म्हटलं, नाही करायचं. ते बराच वेळ गप्प होते. तरी मी 'लेणं' म्हणणार नाही. 'नग' म्हणेन. पेढीवर रोजचा शब्द आहे, आणि त्यात किंमत बोलून दाखवावी लागत नाही.

पहिलीच, पुन्हा :
मला 'लेणं' पटलं. त्या बाईंना तसं कळवलं, 'श्मीगेन'चं नातंही सांगितलं. अनेकवचन मात्र सांगितलं नाही. आता एकच अडलंय. बांगड्या भरतात, गजरा माळतात, कुंकू लावतात, नथ घालतात. ब्रोचला काय? तो तर अंगाला लागतही नाही, साडीला लागतो.

सातारहून :
शालूसुद्धा लेतातच की. ब्रोचही ल्या.

कोल्हापूरहून :
टाचा. पण ट्यूबचा असेल तर रेशमी साडीवर नको, काळा डाग पडेल.