कंबरदुखीच्या रुग्णात निदान नेमकं कुठे चुकतं?

प्रश्न:
फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बऱ्याच केसपेपरवर नुसतं 'कंबरदुखी, वेदनाशामक, विश्रांती' एवढंच लिहिलेलं असतं. साधं दुखणं, नस दबल्याचं आणि धोक्याचं, हे वेगळं कसं ओळखायचं? चूक एमआरआय वाचताना होते की आधीच?

उत्तर १:
बहुतेकदा आधीच. साधं दुखणं वाकल्यावर, वजन उचलल्यावर वाढतं, आडवं झालं की उतरतं. नस दबली असेल तर कळ गुडघ्याखाली जाते: एल५ (कंबरेच्या पाचव्या मणक्याची नस) असेल तर नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे, एस१ (तिच्या खालची नस) असेल तर पोटरीतून करंगळीकडे. पायाचा अंगठा वर ओढायला सांगून तुमच्या बोटाने दाबून धरा. ताकद कमी वाटली तर एल५. एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल तर एस१. पाय सरळ उचलण्याच्या चाचणीत ३० ते ७० अंशांदरम्यान पायात कळ उतरली पाहिजे. नुसती मांडीमागे ओढ बसली तर ती पॉझिटिव्ह नव्हे. इथे हमखास घोळ होतो.

उत्तर २:
वरच्यात काउडा इक्विनाची (कण्याच्या खालच्या भागातला नसांचा झुपका दबणं) भर घालते, कारण ते सुटलं तर नुकसान कायमचं. दोन्ही पायांत कळ, गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आतून बधिरपणा, लघवीत बदल. 'लघवी होते ना?' असं विचारूच नका. पिशवी तुंबून ओसंडत असली तरी थेंब थेंब येतेच, म्हणून रुग्ण 'हो' म्हणतो. विचारा: लागल्याची जाणीव होते का? धार सुरू करायला जोर लावावा लागतो का? शौचानंतर धुताना हात लागलेला कळतो का? मग लघवी करून आल्यावर लगेच ब्लॅडर स्कॅन, म्हणजे पिशवीत किती लघवी उरली ते सोनोग्राफीने मोजणं. २०० मिलीच्या वर उरली तर एमआरआय त्याच दिवशी, उद्याची तारीख नाही. कमी उरली तरी लक्षणं असतील तर संशय सोडू नका. 'ट्रामाडॉलमुळे (वेदनाशामक) अडली असेल' असं धरून थांबण्यात मोलाचे तास जातात.

उत्तर ३:
तरुण रुग्ण, ३ महिन्यांहून जुनं दुखणं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, हालचालीने बरं आणि विश्रांतीने उलट वाईट: हा सांध्यांच्या दाहाचा प्रकार. त्याला 'पडून राहा' सांगणं हीच चूक. ताप, घटतं वजन, रात्रीचं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय किंवा गाठ डोक्यात ठेवा. क्षयात सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो.

औषधांचंही बघा. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच वेदनाशामक, डायक्लोफिनॅक, असतं आणि रुग्ण दोन्ही घेत असतो. मूत्रपिंड आधीच अधू असेल तर हे फार जड जातं.

प्रश्नकर्ता:
पहिली तपासणी नॉर्मल आली तर?

उत्तर २:
'नॉर्मल' एवढंच लिहू नका. कुठे स्पर्श तपासला, अंगठ्याची ताकद ५ पैकी किती (५ म्हणजे पूर्ण), लघवी किती उरली, हे वेळेसकट लिहा. संध्याकाळी ताकद ५ ची ४ झाली, तर ती घसरण सकाळच्या आकड्याशिवाय कुणालाच दिसणार नाही.