रोलांडचा पुतळा कायम तिथे नव्हता

जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावाच्या बाजारचौकातला रोलांड या दंतकथेतल्या वीराचा दगडी पुतळा मध्ययुगापासून जागचा हललेला नाही, असं काही जण म्हणतात. तसं नाही. हातात तलवार घेतलेला रोलांड म्हणजे गावाच्या स्वातंत्र्याची खूण. आणि इथे सत्ता होती मठाची! १४२६ मध्ये गाव हान्सा या व्यापारी संघात गेलं, आणि पुढे मठप्रमुख हेडविगलाही जुमानेना. १४७७ मध्ये तिच्या भावांनी, सॅक्सनीच्या एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्तनी, सैन्य पाठवून गाव नमवलं. हान्सा सुटला, पुतळाही पाडला. तो पुन्हा उभा राहिला थेट १८६९ मध्ये. जवळजवळ चारशे वर्षं तो उभाच नव्हता. मला तर त्या चौकात सगळ्यात बोलकी हीच गोष्ट वाटते.