पोपटाला लवंगी मिरची झोंबत कशी नाही?

रंकाळाकाठचा
मंडळी एक शंका आहे, हसू नका. गच्चीवर कुंड्यात लवंगी मिरची लावलीय, दहाबारा रोपं. चार दिवस झालं सकाळी सातच्या सुमाराला एक पोपट येतोय, कठड्यावर बसतो, मिरची तोडतो, एका पायात धरून कणसागत सोलून निवांत खातो, ठसका नाही काय नाही. आणि परवा पेठेत मिसळीवर मी जरा कट जास्त मागितला तर नाकाडोळ्यातून धारा, शेजारच्या टेबलावरचं बारकं पोरगं फिदीफिदी हसतंय, कोल्हापूरकर असून पार अब्रू गेली. तर पोपटाला झोंबत कसं नाही? जीभ जाड असते म्हणून? आई म्हणती त्याला सवय असती.

मागच्या बाकावरचा
सवयबिवय काही नाही भावा, त्याला ते कळतच नाही. तिखट ही मुळात चवच नव्हे. गोड खारट आंबट यांच्यासाठी जिभेवर वेगळी सोय आहे, तिखटाचा रस्ता वेगळा. आपल्या नसांच्या टोकाला भाजल्याची वर्दी देणारं एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-वन म्हणतात, साधारण ४३ अंशाच्या वर काही लागलं की ते मेंदूला कळवतं की भाजतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तिथंच जाऊन चिकटतं आणि मग भाजलेलं नसताना भाजल्याची बोंब उठते, घाम, नाक, डोळे सगळं चालू. म्हणूनच तोच रस्सा गरम असला की जास्त झोंबतो आणि गार झाल्यावर जरा माणसात येतो. हे प्रथिन १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबनं शोधलं, २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे. पक्ष्यांकडंही हे प्रथिन आहे बरं का, उष्णता त्यांना बरोबर कळते, पण त्याची घडण जराशी वेगळी असल्यामुळं कॅप्सेसिनला तिथं दादच मिळत नाही. तुझ्या पोपटाला लवंगी आणि ढबू मिरची सारखीच.

शाहूपुरीकर
म्हणजे मिरचीनं मुद्दाम पक्ष्यांना सूट दिली म्हणायची 😄

मागच्या बाकावरचा
मुद्दाम नाही पण हिशोब तसाच बसतो. अमेरिकेत ॲरिझोनात रानमिरचीवर अभ्यास झालाय, २००१ ला छापून आला, त्यात उंदरांना बिनतिखट मिरची खायला घातली तर त्यांच्या पोटातून गेलेलं एकही बी उगवलं नाही, दातानं भरडून टाकतात ना. पक्ष्याच्या पोटातून आलेलं बी मात्र चांगलं उगवलं. म्हणजे बी चावणाऱ्याला तिखटानं हाकलायचं आणि गिळून लांब नेणाऱ्याला बोलवायचं.

बुलबुलप्रेमी
एक दुरुस्ती, पोपटाला एवढं डोक्यावर घेऊ नका. पोपट चोचीनं बी फोडून खातो, तो मिरचीच्या बाजूचा नाहीच, फुकट्या आहे. खरं काम बुलबुलासारखे पक्षी करतात, बारकं फळ अख्खं गिळायचं आणि बी दुसरीकडं टाकायचं. कुंडीच्या आसपास न लावता मिरचीचं रोप आलं तर बुलबुलाचे आभार माना. बाकी पक्ष्यांना दाणे घालताय आणि उंदीर खारी येऊन खातात अशी तक्रार असेल तर दाण्यात लाल तिखट कालवा, पक्षी खुशाल खातात.

डंकावरची काकू
मी पंचवीस वर्षं उन्हाळ्यात घरची चटणी करती, ब्याडगी, संकेश्वरी, जवारी सगळ्या मिरच्या हातानं देठ काढून. डंकावर तर शिंकाशिंकी चाललेलीच असती. एक सांगती, सगळे म्हणतात तिखट बियात असतं, पण तसं नाही, देठाकडनं आत जी पांढरी शीर असती ना बियांना धरून, खरी आग तिथं, बियांना नुसतं लागलेलं असतं. हात भगभगले तर नुसत्या पाण्यानं काय होत नाही, आधी खोबरेल चोळा मग साबण. आणि तोवर डोळ्याला हात लावू नका, आमच्या जावेनं एकदा लावला होता, गल्ली गोळा झाली.

शाहूपुरीकर
काकू बरोबर, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिसळीवर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग शून्य, उलट ते तोंडभर पसरतं. दूध प्या, त्यातलं केसिन प्रथिन कॅप्सेसिनला धरून घेतं. आपल्याकडं गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पेल्यात पडतंय आणि तू पाण्याच्या बाटल्या रिचवत बसलास.

मागच्या बाकावरचा
आणि ती नसांची टोकं फक्त जिभेवर नसतात, अन्नमार्गाच्या पार शेवटापर्यंत असतात, सगळं कॅप्सेसिन काही वाटेत जिरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं ते कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

रंकाळाकाठचा
नको 😂 अनुभव ताजा आहे. आजचा अपडेट, पोपट आज जोडीनं आला. दुसऱ्याच्या गळ्याला पट्टा नाही, म्हणजे मादी असावी नाहीतर मोठं झालेलं पिल्लू. सात मिरच्या गेल्या. काकू, चटणीसाठी मिरची यंदा विकतच आणावी लागणार, कुठल्या बाजारात बरी मिळेल?