मदत हवी आहे : पंप चालू केला की फ्लो मीटर नाचतो

खाडीकाठ : रत्नागिरीजवळ कॉलेजात हायड्रॉलिक्स लॅब सांभाळतो. पाइपातल्या पाण्याचा प्रवाह मोजणारा इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लो मीटर पंप चालू केला की ३.२, ४.१, लगेच २.९ असं काहीही दाखवतो, पोरांनी वहीत लिहायचं काय? केबल नवी टाकली, फरक शून्य. सोमवारी प्रॅक्टिकल आहे, लवकर सांगा.

वायरमन_चिपळूण : पंप डायरेक्ट की व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह)? पाइप लोखंडी की पीव्हीसी? सिग्नलची केबल कुठून नेलीय?

दापोलीकर : मीटरचा नाद सोडा. व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली पाटी) लावा, हूक गेजने हेड, म्हणजे खाचेवरच्या पाण्याची उंची घ्या. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

खाडीकाठ : नॉच आहे ओ आमच्याकडे, प्रश्न मीटरचा आहे. पीव्हीसी पाइप, व्हीएफडी मीटरपासून हातभरावर, दोन्ही केबल एकाच ट्रेमधून.

वायरमन_चिपळूण : मग हे आधी सांगायचं ना! व्हॉल्व्ह बंद ठेवून, पाइप भरलेला असताना पंप अर्धा मिनिटच चालवून बघा. तरी आकडा हलला तर गडबड पाण्याची नाही, विजेची.

निवृत्त_इलेक्ट्रिकल : अर्थिंगचा खड्डा बघा आधी. आपल्याकडे जांभा, मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडतो. मीठ-कोळसा घाला, वर रोज दोन बादल्या पाणी.

वायरमन_चिपळूण : काका, पाणी ओतून व्हीएफडीचा नॉइज (विजेची खरखर) जात नाही. मीटरच्या इलेक्ट्रोडवर मिळून मिलिव्होल्टभर सिग्नल, आणि पीव्हीसीत पाण्याला अर्थ मिळतच नाही. मीटरच्या दोन्ही बाजूंना स्टेनलेसच्या ग्राउंडिंग रिंगा हव्यातच, मीटरच्या अर्थ टर्मिनलला जोडून. सिग्नल केबलचं शील्ड (तारांवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला जोडा.

निवृत्त_इलेक्ट्रिकल : आणि त्या रिंगा शेवटी कुठे जोडणार, हवेत? मी तेच म्हणतोय.

सुपारीबाग : मध्येच विचारतो, आमच्या बागेत मोटर चालू झाली की रेडिओ खरखरतो, तेही हेच का?

वायरमन_चिपळूण : असू शकेल. वेगळा धागा काढा दादा.

खाडीकाठ : केलं. व्हॉल्व्ह बंद, तरी आकडा १.१ पर्यंत उड्या मारत होता, पंप थांबवला की सरळ शून्य. शील्ड दोन्हीकडे जोडलेलं निघालं, मीटरकडचं सोडवून टेप मारला, केबल ट्रेमधून काढून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेली. आता व्हॉल्व्ह उघडून ३.४ ते ३.६. काका, खड्डाही उघडला, पट्टीवर हिरवा गंज चढलाय. रिंगा उद्या लेथवाल्याकडून कापून घेतो, फ्लँजचं माप घेऊन ठेवलंय.