शीर्षक नसेल तर?

'शीर्षक वाचल्याशिवाय अमूर्त चित्र कळतच नाही' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते अर्धंच पटलं. चित्रकार वासुदेव गायतोंडेंची बरीचशी चित्रं 'शीर्षकविरहित'च आहेत, मग तिथे काय करायचं? त्यांना तर 'अमूर्त' हा शब्दही मान्य नव्हता, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. म्हणजे डोंगर किंवा माणूस पुसट करून काढलेला नाही, मुळात तो नाहीच. शोधाल तर फसाल.

मला त्यांची वाट सापडली ती आमच्या नाशकात, गोदाघाटावर. पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली उंच मूर्ती) कुठवर पाणी चढलं ते बघायला सगळे जातात. मी ओसरल्यावरही जातो (घरचे हसतात). भिंतींवर गाळाचे पट्टे उरतात, एकावर एक. मध्येच कुठे खरवडून आतला जुना रंग दिसतो. गायतोंडे रोलरने रंगाचे थर चढवत आणि पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट सुरीने) काढत, हे नंतर वाचलं तेव्हा एकदम ती भिंतच आठवली. तेव्हापासून चित्रासमोर 'हे काय आहे?' असं विचारत नाही. आधी काय चढवलं, कुठे काढलं, ते बघत बसतो. छापील फोटोत मात्र यातलं फारसं दिसत नाही.