लाट, लहर की तरंग?

मुलाचा नववीचा ध्वनीचा धडा घेत होतो. तरंगाबरोबर ऊर्जा पुढे जाते, माध्यमाचे कण नाही, असं सांगितलं तर म्हणतो, "मग लाट येते तेव्हा नक्की कोण येतं?" लाट आणि तरंग यांत मराठीत फरक करतात का?

—

शास्त्रात नाही, पण क्रियापदं बघा. तरंग उठतो, पसरतो, विरतो. लाट येते, आपटते, फुटते. विहिरीत खडा टाकला की तरंग काठाला पोचतो, पाण्यावरचं पिंपळपान मात्र जागच्या जागी डोलतं. खोल समुद्रातही पाणी साधारण वर्तुळात फिरून जवळपास मूळ जागी येतं, आणि तरंगलांबीच्या (लागोपाठच्या दोन लाटांच्या माथ्यांमधल्या अंतराच्या) निम्म्या खोलीवर ही हालचालही जवळजवळ संपते. किनाऱ्याशी तळ आड येतो, लाट फुटते, तिथे मात्र पाणी खरोखर अंगावर येतं. तेव्हा त्याला सांगा, फुटेपर्यंत ऊर्जा येते, फुटल्यावर पाणीही.

—

त्सुनामीत तर हे ठळक दिसतं. चार हजार मीटर खोल समुद्रात तिचा वेग ताशी 700 किलोमीटरच्या आसपास, उंची बहुतेकदा मीटरभरही नसते, जहाजावरच्यांना पत्ता लागत नाही. किनाऱ्याजवळ वेग घटतो, उंची वाढते. शब्द जपानी आहे: त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. नाव बंदरावरूनच पडलं, यात सगळं आलं.

—

पुस्तकातल्या 'अवतरंग' आणि 'अनुतरंग' या जोडीवर माझा जुना राग आहे. एका अक्षराच्या फरकाने पोरांचे मार्क जातात. खूण अशी: 'अनु' म्हणजे अनुसरून, कण तरंगाच्या दिशेनेच पुढेमागे होतात. ध्वनी हवेत असाच जातो. अवतरंगात कण दिशेला काटकोनात हलतात. वाळत घालायच्या दोरीला झटका देऊन दाखवा. आणि हेही सांगा की वारंवारता (सेकंदाला होणारी कंपनं) तीच ठेवून आयाम, म्हणजे कण मूळ जागेपासून जास्तीत जास्त जितका हलतो ते अंतर, दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते.

—

'लहर' राहिलीच की! रेडिओलहरी, गुरुत्वीय लहरी. गुरुत्वीय लहरी म्हणजे खुद्द अवकाश-काळात उठणारे तरंग. 2015 साली त्या पहिल्यांदा टिपल्या गेल्या आणि आता त्यांच्यासाठीच हिंगोली जिल्ह्यात वेधशाळा होते आहे. 'गुरुत्वीय लाटा' कानाला कसंसंच वाटतं. जिथे पाणी नाही, धडक नाही, तिथे लहर किंवा तरंग, असं माझं मत. लहरी माणसाचं मात्र वेगळं, त्याची वारंवारता मोजता येत नाही.

—

दोरीला चिमटा लावून बघितलं. चिमटा खालीवर नाचला, पुढे सरकला नाही. पोराला पटलं. आता विचारतोय, "मग उष्णतेच्या लाटेत कोण येतं?" सांगा कुणीतरी.