जुनं ठाणं पायी बघायचंय, सुरुवात कुठून करू?

कासारवडवलीकर:
आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता घोडबंदर रोडला राहतो. ठाणं म्हणजे आमच्यासाठी हायवे, मॉल आणि स्टेशन एवढंच. मुलगी सातवीत आहे, तिला शहराच्या इतिहासावर प्रकल्प करायचाय. रविवारी सकाळी जुन्या वस्त्या दाखवाव्यात म्हणते. स्टेशनला उतरून थेट तलावपाळीला जावं का?

चेंदणीची लेक:
ताई, तलावपाळी शेवटी ठेवा. आधी खाडी बघा. ठाणं हे बंदराचं गाव. कोळी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळे या पाण्यासाठी इथे राहिले किंवा भांडले. खाडीकडून चालत आलात की कुठली वस्ती कुठे का बसली ते पोरीला आपोआप कळेल.

आमच्या चेंदणी कोळीवाड्यातून निघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, हे तिच्या पुस्तकात असेलच. पुढच्याच वर्षी खाडीवरून रूळ कल्याणला गेले. आज कोळीवाडा रुळांच्या दोन्ही अंगांना आहे, पण नारळी पौर्णिमेला बंदरावर दोन्हीकडची माणसं असतात. आमची आई जांभळी नाक्याला मासळी घेऊन बसायची. तिच्या तोंडी पूर्व-पश्चिम कधी नव्हतंच, सगळी चेंदणीच.

तिथून महागिरी. कोळ्यांची आणि मुसलमानांची घरं शेजारी-शेजारी आहेत, मशीद आहे. सावकाश चाला, इथे घाई करू नका.

पुढे कारागृह. तटबंदी नीट बघा, तो ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, काम चालू असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. बाहेर घोड्याला खरारा करणारा माणूस मराठी गाण्यातून त्यांना निरोप द्यायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना एक अक्षर कळायचं नाही, असं सांगतात. पोरांना ही गोष्ट फार आवडते. पण इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये इथेच फाशी दिलं, तेही तिला सांगा. महादेव कोळ्यांचा हा वीर प्रकल्पात आलाच पाहिजे.

मग सिव्हिल हॉस्पिटलवरून टेंभी नाका. नवरात्रातल्या देवीमुळे नाका सगळ्यांना ठाऊक, पण ज्यूंचं सिनेगॉग आणि पारशांची अग्यारीही याच भागात आहे.

शेवटी तलावपाळी. एका बाजूला पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन चर्च, एका बाजूला कोपिनेश्वर. देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी नव्याने बांधलं. चर्चमधल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती बायकांशी बोला, घरात मराठीच बोलतात.

टेंभीनाका_७९:
मावशींनी सिनेगॉगचं सांगितलं म्हणून थोडी भर. ते १८७९ चं, शाआर हशामाईम. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागकडच्या गावांत आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर अशी. बरीच घरं इस्राएलला गेली, पण नवसाचा मलिदा आम्ही अजून करतो: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. आत यायचं असेल तर आधी विचारून या, शनिवारी नको, ओळखपत्र सोबत ठेवा.

घंटाळीकर:
नौपाडा राहिला की! मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे.

चेंदणीची लेक:
खरंय, पण त्याच सकाळी नको, पोरीचे पाय दुखतील. ग्रंथसंग्रहालयासाठी वेगळी संध्याकाळ काढा, ठाण्यावरची पुस्तकं मागा, तिथली माणसं काढून देतात.

कासारवडवलीकर:
मावशी, खूप आभार. चेंदणीत किती वाजता यावं?

चेंदणीची लेक:
सातला या. ऊन चढायच्या आत किल्ल्यापर्यंत पोचाल. कारागृहाजवळ फोटो काढू नका, पोलीस हटकतात.